घड्याळाने मंजूर केलेली भजी

आमच्या रविवारच्या सिंहगड ग्रुपमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, एवढं चढून आलो तर खायलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, खायचंच होतं तर चढलो कशाला? पहिल्या पक्षाचे पुढारी आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. दुसऱ्या पक्षाचे पुढारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते गडावर पोहोचले की फक्त ताक घेतात, तेही बिनमिठाचं, आणि बाकीच्यांच्या ताटांकडे करुणेनं बघत उभे राहतात. मी बराच काळ कुठल्याच पक्षात नव्हते. आयुष्यभर नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे मोजल्याशिवाय मत द्यायची सवय नाही.

मी या ग्रुपमध्ये आले ती हौसेनं नव्हे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच तपासणीत एचबीएवनसी 6.2 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन 78 किलो, उंची 157 सेंटीमीटर. बीएमआय काढला तर साडेएकतीसच्या पुढे. आपल्या लोकांसाठी 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा सवलतीला जागाच नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, आधी सातआठ किलो उतरवा. आणि त्यांनी एका आहारतज्ज्ञ बाईंचा नंबर दिला.

या बाई मला पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्यांनी माझ्यासमोर वहीत गणित मांडलं. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं 1990 सालचं एक सूत्र आहे. वजन, उंची, वय घातलं की दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला किती कॅलरी लागतात त्याचा अंदाज येतो. माझा आला 1310. मग त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? घरातली कामं, भाजी आणणं, सकाळी पाऊण तास कॅनॉलच्या कडेनं चालणं. हे सगळं धरून त्यांनी 1310 ला 1.4 नं गुणलं, आले साधारण 1830. त्यातून चारशेच्या आसपास कमी केले आणि 1450 चा तक्ता लिहून दिला. उठताना म्हणाल्या, "तुमचं सकाळचं चालणं ह्यात धरलंय हां." त्या वाक्याची किंमत मला पुढे भाऊजींमुळे कळली.

त्याच आठवड्यात सूनबाईंनी माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यालाही मी तेच वय, तीच उंची, तेच वजन सांगितलं, आणि आठवड्याला अर्धा किलो कमी करायचं असं निवडलं. त्यानं दिवसाला 1200 दिले. मी म्हटलं, हे काय, बाईंपेक्षा अडीचशेनं कमी? दुसऱ्या दिवशी चालून आले तर त्याच पडद्यावर 1200 चे 1400 झाले होते. ॲपनं मला दिवसभर बसून असणारी बाई धरलं होतं, आणि मी हलले की तेवढे वरून जमा करत होतं. बाईंनी चालणं आधीच पगारात धरलं होतं, ॲप ते ओव्हरटाइम म्हणून रोजच्या रोज चुकतं करत होतं. महिनाअखेरीला आकडा जवळपास तोच. कुठलीही एक पद्धत घ्या, चालेल. घोटाळा होतो तो एकीचा पगार आणि दुसरीचा ओव्हरटाइम एकत्र घेतल्यावर.

भाऊजींनी नेमकं तेच केलं होतं. त्यांना त्यांच्या ऑफिसच्या तपासणीत कुणीतरी 1900 चा तक्ता दिला होता, त्यात रोजचा व्यायाम धरलेला होता. वर मुलीनं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ. गडावर पोहोचलो की ते बाही मागे सारायचे, मनगट सगळ्यांना दाखवायचे आणि टपरीवर जाऊन ऑर्डर द्यायचे. एका रविवारी गड उतरून घरी निघताना घड्याळात जो आकडा होता, तो मी मुद्दाम लक्षात ठेवला: 940.

"वहिनी, सात हजार सातशे कॅलरीला एक किलो," ते म्हणाले. "म्हणजे आठ रविवारी एक किलो नुसतं चढूनच. मग खायला काय हरकत आहे?"

हा आकडा काही त्यांनी मनानं काढलेला नाही. 1958 साली मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं एका पौंडाला 3500 कॅलरी असं मांडलं, आणि तेव्हापासून तो जगभर फिरतोय. पण भाऊजींच्या वाक्यात दोन टोकं होती आणि ती एकमेकांना भेटत नव्हती. त्याच 940 कॅलरी वजनही उतरवणार होत्या आणि भजीही देणार होत्या.

मी पायथ्याच्या बाकावर बसून टपरीच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. दहावीच्या मुलांना इतकी वर्षं घालत आले तेच गणित. आतकरवाडीपासून गडाची चढाई सुमारे 600 मीटर उंचीची. भाऊजींचं वजन 92 किलो. 92 गुणिले 9.8 गुणिले 600, म्हणजे साधारण पाच लाख एकेचाळीस हजार ज्यूल. एका कॅलरीला, म्हणजे आहारातल्या मोठ्या कॅलरीला, 4184 ज्यूल. भागले की उरतात 129. फक्त 129! बिलाकडे बघून भाऊजींचा चेहरा पडला.

"अहो थांबा, अजून आहे," मी म्हटलं. आपले स्नायू काही फार काटकसरी नाहीत. जळणातल्या शक्तीपैकी 20 ते 25 टक्केच कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून तर चढताना घामाच्या धारा लागतात. म्हणजे 129 चं काम करायला साधारण 515 ते 645 जाळावे लागतात. उतरायला शंभरेक धरा. एकूण सातशेच्या अलीकडे-पलीकडे. भाऊजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

मग घड्याळात 940 कुठून आले? ते पायथ्याला गाडी लावल्यापासून चालू होतं. चढणं, गप्पा, देवटाक्याकडची चक्कर, खाणं, उतरणं, सगळं मिळून साडेतीन तास. एवढा वेळ भाऊजी घरी सोफ्यावर पेपर वाचत बसले असते तरी तासाला सत्तरेक कॅलरी जळल्याच असत्या. त्या अडीचशे घड्याळानं बेरजेत घेतल्या होत्या. अनेक घड्याळांत 'ॲक्टिव्ह' आणि 'टोटल' असे दोन आकडे वेगळे असतात, आणि माणसाचा डोळा आपसूक मोठ्याकडे जातो. 940 वजा 250, उरले 690. माझ्या बिलामागच्या गणिताशी जवळपास जुळलं. म्हणजे घड्याळ खोटं बोलत नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

अर्थात हे जुळलं म्हणून नेहमी जुळेल असं नाही. 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी सात प्रकारची मनगटी यंत्रं साठ माणसांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची 93. शाळेच्या प्रयोगशाळेत 27 टक्के चुकणारा काटा मी माळ्यावर टाकला असता.

आता दुसरी बाजू, ताटाची. गडावर भाऊजी दोन प्लेट कांदाभजी घेत, मग पिठलं-भाकरी, ठेचा, आणि शेवटी मडक्यातलं दही साखर घालून. भजीच्या प्लेटमध्ये किती कॅलरी असतात ते ॲपला विचारलं तर एके ठिकाणी 150 आणि एके ठिकाणी 400 लिहिलेलं. म्हणून मी घरीच करून बघितलं.

ओट्यावर सूनबाईंचा केकचा वजनकाटा ठेवला. अडीचशे ग्रॅम कांदा उभा चिरून, मीठ लावून, पाणी सुटल्यावर त्यात दीडशे ग्रॅम बेसन, तिखट, ओवा. कढई तेलासकट काट्यावर ठेवून आकडा टिपून घेतला. "हे काय आता नवीन?" ह्यांनी दारातून विचारलं. "प्रयोग," म्हटलं. भजी तळून काढली, तेल निवल्यावर कढई पुन्हा काट्यावर. अठ्ठ्याण्णव ग्रॅम तेल कमी झालेलं. भजी ज्या कागदावर निथळत ठेवली होती तो कागद मी आधीही मोजला होता आणि नंतरही. त्यानं आठ ग्रॅम प्यालं होतं. उरलेलं नव्वद ग्रॅम तेल भज्यांमध्ये. तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे 810. बेसनाच्या पाचशेच्या वर, कांद्याच्या सव्वाशेच्या आत. सगळं मिळून चौदाशेच्या घरात. गडावर मिळते तेवढी प्लेट भरली तर चार प्लेट झाल्या. प्लेटला साडेतीनशे, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसतं तेल. बाहेरचं तेल किती तापलेलं, किती वेळा वापरलेलं, ते वेगळंच.

पुढच्या रविवारी भाऊजींना सांगितलं. दोन प्लेट म्हणजे 700, तुमचा गड 690. कांदाभजीत गड संपला, पिठलं-भाकरी अजून यायचीय. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं तेल जास्त लागलं असेल." आणि दोन प्लेटच मागवल्या.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, माणसाचं मनच तसं आहे. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रसिद्ध अभ्यास आला. आम्ही इतकं कमी खातो तरी वजन हलत नाही, अशी तक्रार असलेल्या काही जणांचं खाणं आणि हालचाल काटेकोर मोजली. त्यांनी आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल 51 टक्के जास्त. ती माणसं लबाड नव्हती. चवीपुरती तोंडात टाकलेली चकली आणि मुलांच्या ताटातला उरलेला घास आपण कुणीच मोजत नाही.

रविवारची दुपार हा आणखी एक खर्चाचा विषय. गडावरून आलेला माणूस अंघोळ करून जो आडवा होतो तो चार वाजेपर्यंत उठत नाही. एरवी भाऊजी रविवारी गाडी धुतात, झाडांना पाणी घालतात, मंडईत जातात. गडाच्या रविवारी यातलं काहीच होत नाही आणि रात्री कंटाळा आला म्हणून बाहेरून मागवलं जातं. ॲपला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त चढ दिसतो. 2021 मध्ये हजारावर माणसांची मोजमापं एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की व्यायामात जाळलेल्या कॅलरींपैकी सरासरी 28 टक्के शरीर दुसरीकडे बचत करून भरून काढतं. आमच्या घरी ही बचत डोळ्यांनी दिसते आणि घोरतेही.

सोमवारी सकाळचं वजन मनावर घ्यायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगते. गड चढल्यावर दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. ठेच्यातलं, लोणच्यातलं मीठ पाणी धरतं. स्नायूंमध्ये साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. मग सोमवारी काटा किलोभर वर गेलेला दिसतो आणि माणूस एकतर चिडून उपास करतो, नाहीतर 'काही उपयोग नाही' म्हणून श्रीखंड काढतो. मी रोज सकाळी वजन करते आणि आठवड्याची सरासरी काढते. एकेका दिवसाचा आकडा मी मनावर घेतच नाही.

गडाच्या वाटेवर दुसऱ्या टप्प्यावर दहीवाल्या एक मावशी बसतात. पायथ्याच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन रोज वर यायचं, दुपारी उतरायचं. एकदा दम खायला त्यांच्याजवळ बसले होते. विचारलं, मावशी, निघताना काय खाऊन निघता?

"च्या-चपाती. वर आलं की भाकर अन् कालवण."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर काम. रातच्याला भाकर." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी लोकं वर जाऊन एवढं खाता, मंग चढता कशाला? खालीबी मिळतंय की समदं."

काकांच्या पक्षाला इतकी रोखठोक प्रवक्ती दुसरी मिळणार नाही. पण मावशींचा विषय निराळा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत बैठ्या बाईला दिवसाला 1660 कॅलरी आणि अंगमेहनत करणाऱ्या बाईला 2720 सांगितल्या आहेत. मावशींनी हजार कॅलरी जास्त खाल्ल्या तर ते 'परत खाणं' नाही, ते त्यांचं जेवण आहे. व्यायाम आणि कष्ट यांतला हा फरक आमच्या ग्रुपवर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आमच्यापैकी कुणालाही उद्या सकाळी पाटी घेऊन पुन्हा चढायचं नसतं.

आता काकांचं. त्यांना साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी आहे. एका रविवारी, पावसाळा संपत आलेला, वाट निसरडी, त्यामुळे उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. सकाळी गोळी घेतलेली, पोटात फक्त ताक. अर्ध्या वाटेवर त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, बोलणं तुटक. सगळ्यांना वाटलं, हृदयाचं काही आहे. ग्रुपमधल्या एका नर्स ताईंनी ओळखलं, साखर खाली गेलीय. शेजारच्या सरबतवाल्याकडून लिंबू सरबत, त्यात तीन चमचे जास्तीची साखर. पंधरा मिनिटांत काका माणसांत आले. या प्रकारच्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणत राहतात, वर व्यायामानंही साखर खाली येते. काकांच्या डॉक्टरांनी नंतर गडाच्या दिवशीचा डोस बदलून दिला आणि निघण्याआधी खाल्ल्याशिवाय चढायचं नाही अशी तंबी दिली. काका आता पायथ्याला केळं खातात. वर गेल्यावर अजूनही ताकच.

भाऊजींच्या मुलीची गोष्ट याहून वाईट, आणि ती सांगताना मला अजून राग येतो. ती हिंजवडीला नोकरी करते, वय सव्वीस. हाफ मॅरेथॉनची तयारी करत होती, आणि त्याच सुमारास तिला वजनही उतरवायचं होतं. तिच्या कोचनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक तक्ता ती पाळायची. दिवसाला 1300, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: धावल्याच्या कॅलरी परत खायच्या नाहीत. साठ किलोची मुलगी चोपन्नवर आली. लग्नकार्यात सगळे म्हणायचे, काय छान दिसतेस. घरी मात्र ती पोळीच्या तुकड्यावरून आईशी भांडायची, सारखी थंडी वाजते म्हणायची, झोप नीट लागत नव्हती. मग उजव्या नडगीत दुखायला लागलं. दोन आठवडे ती त्यावरच धावली. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली.

मी तिच्याबरोबर खेळाडूंच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी पाय बघायच्या आधी विचारलं, पाळी कधी आली होती? मुलगी गप्प. चार महिने आली नव्हती. धावणाऱ्या मुलींना असं होतंच असं तिच्या ग्रुपमध्ये सांगितलं होतं, आणि तिला त्यात थोडा अभिमानही वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी फाइलच्या पाठीवर गणित केलं. (हे फाइलच्या पाठीवर गणित करणारे लोक मला फार आवडतात.) वजन 54, त्यातली चरबी वजा केली तर उरतात 42 किलो. सपाटीवर धावायला किलोमीटरला, वजनाच्या किलोमागे, साधारण एक कॅलरी. दहा किलोमीटरला 540. ती खाते 1300. वजा जाता उरल्या 760. त्यात शरीरानं हृदय चालवायचं, हाडं दुरुस्त करायची, पाळी आणायची, मेंदू चालवायचा. 760 भागिले 42, किलोमागे अठरा. निरोगी बाईला हा आकडा 45 च्या आसपास असावा लागतो, आणि तिसाच्या खाली गेला की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. पाळी बंद होते, हाड ठिसूळ होतं, अंग थंड पडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 साली याला 'रेड-एस' असं नाव दिलं. खेळाडूंमध्ये, आणि फक्त बायकांमध्ये नाही, हे इतकं दिसतं की त्यासाठी स्वतंत्र निवेदन काढावं लागलं.

"तू 540 परत खायला पाहिजे होतेस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळेच्या सगळे. आणि वजन कमी करायचंच असलं तर ते स्पर्धेच्या तयारीत नाही."

परत येताना रिक्षात मी विचारलं, अगं, घरात खायला प्यायला सगळं असताना असं का केलंस? तिनं बाहेर बघत सांगितलं, "काकू, मला बाबांसारखं नको होतं. घड्याळ बघून खायचं आणि मग म्हणायचं, वजन का उतरत नाही."

एकाच घरात, एकाच डबल बर्नरवर शिजलेल्या अन्नावर, बाप परत खाऊन 92 वर अडकला होता आणि मुलगी परत न खाऊन पाय मोडून बसली होती. दोघांनाही कुणीतरी एकच नियम दिला होता, फक्त उलटसुलट. भाऊजी त्या दिवशी एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बसले होते. बोलले काहीच नाहीत. मुलीला संध्याकाळी स्वतः शिरा करून दिला, भरपूर तूप घालून, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्यातला स्वतः घेतला नाही.

मी स्वतः काय करते, ते सांगते. रोजच्या पाऊण तासाच्या चालण्याचं मी काहीही परत खात नाही, कारण ते तक्त्यात धरलेलंच आहे, आणि त्याच्या शंभर-सव्वाशे निव्वळ कॅलरी म्हणजे जेमतेम चार-पाच साधी बिस्किटं. योगासनं, घर झाडणं, जिने चढणं, यांचंही नाही. गडाचं मात्र खाते. 78 किलोला माझा गड, उतारासकट, पाचशे-सहाशेचा होता; वजन उतरलं तसा तोही उतरत गेला, कारण आता कमी ओझं वर न्यावं लागतं. आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून मी त्यातला निम्मा परत घ्यायचा ठरवला. निम्मा का? घड्याळाची चूक, माझ्या अंदाजाची चूक आणि दुपारची झोप या तिघांना उरलेला निम्मा सोडला. निम्मा म्हणजे वर टपरीवर एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर पिठलं, तेल वरून न घेता. दही दिवसाच्या हिशेबातलं. बाईंचा आग्रह होता की गडाच्या दिवशी प्रथिनं चुकवायची नाहीत, नाहीतर या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेले स्नायू साठीत परत आणणं फार अवघड. भजी मी महिन्यातून एकदा घेते, ती भूक लागते म्हणून नाही, आवडते म्हणून, आणि तिला गडाच्या खात्यावर टाकत नाही.

निम्मा परत खाऊनही वजन उतरलं. संथ, पण उतरलं. आज 69 आहे आणि एचबीएवनसी 5.6. पहिले काही महिने एक दाणाही परत न खाण्याचा प्रयोग ग्रुपमधल्या दोघीतिघींनी केला होता. शनिवारी रात्रीच त्यांना दुसऱ्या दिवसाची धास्ती वाटायची, आणि मंगळवारी कुठल्यातरी बारशात सगळं भरून निघायचं. भुकेला दाबून ठेवलं की ती व्याजासह वसूल करते, हे ज्यांनी लहान मुलं वाढवली त्यांना सांगायला नको.

माझं मत आता पक्कं आहे. तासाभराच्या आतल्या हलक्या व्यायामाचं परत खायचं नाही. मोठ्या कष्टाचं खायचं, पण घड्याळात दिसतं त्याच्या निम्म्याहून जास्त नाही, आणि ते अन्न म्हणून खायचं, बक्षीस म्हणून नाही. मग तीन-चार आठवड्यांची सरासरी बघायची. काटा हलत नसेल तर थोडं कमी करा. आठवड्याला किलोच्या वर उतरत असेल, चक्कर येत असेल, केस गळत असतील, तर लगेच वाढवा. वजन ज्यांना उतरवायचंच नाही, किंवा ज्यांची खरोखरची स्पर्धेची तयारी चालू आहे, त्यांना हा निम्म्याचा हिशेब लागू नाही. त्यांनी पोटभर खावं.

आणि एक विनंती. तुम्हाला साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर गड, डोंगर, लांब सायकल यांच्या आधी डोस आणि खाणं दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. घरात धावणारी, नाचणारी, कुस्ती खेळणारी मुलगी असेल, तर तिची पाळी वेळेवर येते का, हे एकदा आज विचारा.